दारातून परत गेलेल्या रुग्णाची नोंद ठेवा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय: विम्याचं संरक्षण प्रत्यक्षात न मिळालेल्या रुग्णांची परवड आणि आरोग्यमित्राच्या टेबलावर लेखी नकार देण्याबाबत

महोदय,

सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांत रुग्णांच्या नातेवाइकांना कागदपत्रं जमवून देणारे आम्ही कार्यकर्ते. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत सुरू झालेली जीवनदायी योजना आज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यभर आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेलाही खुली झाली आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण लागू झालं. या योजनेने सावरलेली घरं आम्हाला ठाऊक आहेत. तिचं मोल कळतं म्हणूनच हे पत्र लिहितो आहोत. कागदावर आता महाराष्ट्रात विमा नसलेलं कुटुंब जवळजवळ उरत नाही. रुग्णालयाच्या दारात मात्र रोज उरतं.

निती आयोगाच्या ऑक्टोबर २०२१ च्या अहवालानुसार देशातली किमान ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसं, आजारपणाच्या खर्चाबाबत कुठल्याही संरक्षणाविना होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, घरातल्या एकाला तरी विमा किंवा योजना लागू आहे अशी कुटुंबं ४१ टक्के निघाली. अशा पाहण्यांत माणूस योजनेत आहे की नाही एवढंच कळतं. कार्ड आहे, पण गरजेच्या दिवशी चाललं नाही, असा माणूस त्यात विमाधारक म्हणूनच मोजला जातो. आमचं म्हणणं त्याच्याबद्दल आहे.

नकार नेमका कुठे मिळतो ते सांगतो. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसणारा मदतनीस, शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आणि आधार मागतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. आधारवर माहेरचं आडनाव आणि शिधापत्रिकेवर सासरचं, हाही नेहमीचाच घोळ. चाकणला किंवा भिवंडीला कामाला असलेल्या माणसाचं कार्ड गावाकडे आईवडिलांपाशी असतं आणि वेगळं कार्ड काढताना त्यावरचं नाव मध्येच कुठेतरी अडकलेलं असतं. जुनं कार्ड ऑनलाइन चढलेलंच नाही, हेही सर्रास. या सगळ्याची दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात होते. दुरुस्ती अवघड नाही, पण तिला दिवस लागतात. हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायला हातात तास असतात. मेंदूत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची तरतूद योजनेत आहे. रात्री दीड वाजता टेबलावर कुणी नसेल, किंवा जो आहे त्याला ती वापरायची सवय नसेल, तर ती तरतूद त्या रुग्णापुरती नसल्यातच जमा.

कार्ड बिनचूक असलं तरी पुढे अडथळे आहेत. रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं असतं, पण ते हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी; हृदयासाठी नसतं. उपचार यादीत असतो, पण फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव असतो. 'योजनेचे बेड भरलेत' हे उत्तर तर कुठेही ऐकायला मिळतं. रुग्णालयांचीही बाजू आहे. काही उपचारांसाठी योजनेने ठरवलेले एकरकमी दर, म्हणजे पॅकेज, आजच्या खर्चाला पुरत नाहीत आणि दाव्यांचे पैसे रखडतात, अशी त्यांची तक्रार असते. ती खरी असेल तिथे योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने सोडवावी. पण ती रुग्णाच्या डोक्यावर फोडली जाते तेव्हा काय होतं? नातेवाईक घाबरून पैसे भरतात आणि रुग्ण 'कॅश'वर दाखल होतो. एकदा रोखीने बिल भरून घरी गेलं की योजनेतून परतावा नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही आधीच भरलेल्या पैशांची भरपाई होत नाही. पहिल्या काही तासांत टेबलावर काय सांगितलं गेलं, त्यावर पुढच्या चार-पाच वर्षांचं कर्ज ठरतं.

आता आजाराकडे येतो, कारण विमा नसल्याची किंमत बिलाच्या आधीच शरीर मोजायला लागतं.

मधुमेह्याच्या पायाची जखम घ्या. चपलेचा पट्टा घासून तळव्याला फोड येतो. संवेदना कमी झालेली असल्यामुळे दुखत नाही. माणूस कामाला जात राहतो. या टप्प्यावर हवं असतं ते एवढंच: एक दिवसाआड स्वच्छ ड्रेसिंग, मेलेली कातडी काढणं, साखर आटोक्यात आणणारी औषधं, गरज असेल तर प्रतिजैविक, पायाचा रक्तपुरवठा पाहणारी डॉप्लर तपासणी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या पायावर भार न देणं. कित्येक आठवडे. यातलं प्रत्येक काम बाह्यरुग्ण विभागातलं आहे, म्हणून विम्याच्या कक्षेबाहेरचं आहे. खासगी दवाखान्यात दर ड्रेसिंगला पैसे, डॉप्लरला वेगळे, आणि भार द्यायचा नाही म्हणजे हजेरी बुडणार. मग ड्रेसिंग आठवड्यातून एकदा होतं. जखम हाडापर्यंत पोचते, बोट काळं पडतं, ताप येतो. आता रुग्णाला भरती करावं लागतं, आणि भरती झाल्यावर योजना लागू होते. पाय वाचवण्याच्या आठवड्यांत जिथून एक रुपया मिळाला नाही, तिथून पाय कापायची मंजुरी मिळते. त्यानंतर घरी गेलेल्या माणसाला आणखी काही दिवसांची औषधं आणि तपासणी मिळते, पुढे पुन्हा सगळं स्वतःच्या खिशातून. साखर तीच, दुसरा पायही तोच धोका घेऊन उभा. गवंड्याचा किंवा हमालाचा पाय गेला म्हणजे घराची मिळकतच गेली, हे कुठल्याही पॅकेजच्या हिशेबात येत नाही.

रक्तदाबाचं असंच. गोळी रोज एक, महिन्याचा खर्च फार नाही. पण महिनाअखेरीला पट्टी संपते, डोकं दुखत नाही म्हणून पुढची घेतली जात नाही, आणि डोकं दुखलं की आठवडाभर पुन्हा सुरू. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या फुकट असतात, पण बऱ्याच ठिकाणी एका वेळी आठ-दहा दिवसांच्याच देतात. तीनदा रांग म्हणजे तीन दिवसांची मजुरी. लोक औषध टाळतात असं म्हटलं जातं, तेव्हा हा हिशेब पाहिलेला नसतो. वर्षानुवर्षं असा खाली-वर झालेला दाब मूत्रपिंड खराब करतो, आणि मग डायलिसिस लागतं. डायलिसिस योजनेत आहे, प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातही आहे. पण आठवड्यातून तीनदा म्हणजे महिन्याला तेरा फेऱ्या, रुग्णासोबत एक माणूस. सोबतच्या माणसाची हजेरी ५०० रुपये धरली तर महिन्याला साडेसहा हजार रुपये तिथेच बुडाले. एसटीचं भाडं आणि बाहेरून आणाव्या लागणाऱ्या औषधांचा खर्च निराळा. फेऱ्या तीनाच्या दोन होतात, दोनाची एक. पाणी छातीत साठतं आणि रुग्ण मध्यरात्री तातडीच्या विभागात येतो.

निदानाआधीचा खर्चही असाच कुणाच्या खात्यात बसत नाही. कर्करोगाच्या मंजुरीला बायोप्सीचा अहवाल लागतो, बायपासच्या मंजुरीला अँजिओग्राफी. आयुष्मान भारत योजनेत भरतीपूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च धरलेला आहे, पण स्तनातल्या गाठीचं निदान तीन दिवसांत होत नाही. सोनोग्राफी, सुईची तपासणी, बायोप्सी, पेशींवरच्या पुढच्या चाचण्या, स्कॅन, यात महिना जातो आणि पाच आकडी रक्कम जाते. प्रत्येक तपासणीपुढे घरचे थांबतात, पैसे जमवतात, मग पुढची करतात. गाठ थांबत नाही. दुसऱ्या टप्प्यात आलेली बाई तिसऱ्या टप्प्यात उपचाराला लागते, ती या थांबण्यांमुळे.

घरातला पैसा कोणत्या क्रमाने जातो, तेही सांगितलं पाहिजे. आधी बचत गटातलं, मग अंगावरचं सोनं, मग शेळ्या, दुभतं जनावर. त्यानंतर हातउसने. त्यानंतर सावकार, शेकडा तीन रुपयांनी. दीड लाख काढले तर महिन्याला साडेचार हजार रुपये नुसतं व्याज, वर्षाला ५४ हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. शेवटी अर्धा एकर गहाण. या काळात घरातले बाकीचे आपापली औषधं बंद करतात: सासू रक्तदाबाची गोळी सोडते, गरोदर सून सोनोग्राफी पुढे ढकलते. एकाच्या बिलातून दुसऱ्याचा आजार तयार होतो, आणि तो पुढच्या वर्षी आमच्यासमोर येतो. पैसे संपले की 'स्वतःच्या जबाबदारीवर' डिस्चार्ज घेतला जातो. पोटातल्या संसर्गाची प्रतिजैविकं चौथ्या दिवशी तुटतात आणि रुग्ण पंधरा दिवसांत परत येतो, अधिक वाईट अवस्थेत आणि अधिक मोठ्या बिलासाठी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चातला खिशातून होणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. ही घट मोठी आहे. पण उरलेले ३९ टक्के सगळ्यांवर सारखे पडत नाहीत. ज्याला दारातून परत पाठवलं जातं त्याच्यासाठी तो हिस्सा शंभर टक्के असतो.

संघटित क्षेत्रातल्या कामगाराचीही एक फट आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजारांवर थांबलेली आहे. २१ हजार पगार असलेल्याचे दरमहा १५७ रुपये ५० पैसे आणि मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे भरले जातात, आणि त्यात बाह्यरुग्ण उपचारांपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं कुटुंब येतं. पगार साडेएकवीस हजार झाला की चालू सहामाही संपताच अंशदान थांबतं आणि काही महिन्यांनी हे सगळं बंद. पाचशे रुपयांच्या वाढीत बाह्यरुग्ण उपचारांचं संरक्षण जातं, आणि कार्ड गावाकडे असलेला हा कामगार फुले योजनेच्या टेबलावरही अडतो. ही मर्यादा केंद्राच्या हातात आहे हे आम्हाला माहीत आहे. राज्याने ती वाढवून मागावी.

खासगी विमा घ्या, असा सल्ला या वर्गाला दिला जातो. व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, हे चांगलंच झालं. पण आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा लावता येते. आज मधुमेह असलेल्या चाळिशीच्या रिक्षाचालकाला आजच्या पायासाठी ती पॉलिसी कामाची नाही.

धर्मादाय रुग्णालयांबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण विमा नसलेल्याचा शेवटचा आधार तोच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, हेही त्याच योजनेत आहे. प्रत्यक्षात नातेवाइकाला पहिल्यांदा अनामत सांगितली जाते. तो धर्मादायचं नाव काढतो, तेव्हा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. शिधापत्रिकेवरूनही पात्रता ठरवता येते, हे सांगितलं जात नाही. दाखला येईपर्यंत रोजचं बिल चालू, आणि दाखला आल्यावर 'तो दिलेल्या तारखेपासूनच सवलत' असं सांगितलं जातं. रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक संध्याकाळी घरी जातो, रविवारी नसतो. आमची विनंती आहे की तातडीच्या रुग्णाचा अर्ज तो रुग्णालयात भरती झाल्याच्या वेळेपासून धरावा, दाखल्याच्या तारखेपासून नव्हे. हा विषय विधी व न्याय विभागाकडे येतो. पण रुग्ण तुमचा आहे, म्हणून समन्वय तुम्हीच साधावा.

विभागांच्या सीमारेषेवर आणखी एक गोष्ट अडते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार नि:शुल्क झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालयं आणि महापालिकांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. जिल्हा रुग्णालयात एक पैसा न लागलेला रुग्ण गंभीर झाला म्हणून महाविद्यालयीन रुग्णालयात पाठवला जातो, आणि तिथे तो पैसे भरण्याच्या खिडकीसमोर उभा राहतो. रुग्ण जितका गंभीर, तितकं त्याचं संरक्षण कमी, असं व्हायला नको. संदर्भचिठ्ठी घेऊन आलेल्या रुग्णापुरती तरी ही माफी पुढच्या रुग्णालयातही चालू ठेवता येईल. सिंधुदुर्गात तर राज्याचीच सीमा आड आली होती. तिथले रुग्ण पिढ्यानपिढ्या गोव्यातल्या बांबोळीला जातात, आणि २०१८ च्या सुरुवातीला गोवा मेडिकल कॉलेजने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. नंतर फुले योजना तिथे जोडली गेली. राज्याची हद्द ओलांडून असा तोडगा निघू शकतो, तर मंत्रालयातल्या दोन विभागांमध्ये तो निघायला अडचण नसावी.

आमची मुख्य मागणी एकच आहे, आणि तिला फारसा निधी लागत नाही. आरोग्यमित्राच्या टेबलावर आलेल्या कुठल्याही रुग्णाला योजना नाकारायची असेल, तर ती लेखी नाकारावी. मंजुरीसाठी पाठवलेला आणि फेटाळलेला दावा संगणकात राहतो. तोंडी 'नाही बसत' ऐकून परतलेल्या माणसाची नोंद आम्हाला कुठेच सापडत नाही. म्हणून योजनेचा आढावा घेताना झालेल्या शस्त्रक्रिया दिसतात, न झालेल्या दिसत नाहीत.

ही पावती एका पानाची, दोन प्रतींत असावी. त्यावर तारीख आणि वेळ, शिधापत्रिकेचा क्रमांक असल्यास तो, डॉक्टरांनी लिहिलेलं संभाव्य निदान, आणि नकाराचं एक कारण खूण करून: शिधापत्रिका ऑनलाइन नाही, नाव कार्डात नाही, आधारशी जुळत नाही, उपचार यादीत नाही, उपचार सरकारी रुग्णालयासाठी राखीव, रुग्णालय या विभागासाठी अंगीकृत नाही, खाट उपलब्ध नाही, वर्षाची मर्यादा संपली. 'इतर' हा रकाना ठेवू नये, कारण सगळे नकार त्यातच जातील. खाली, हा उपचार योजनेत देणाऱ्या सर्वांत जवळच्या दोन रुग्णालयांची नावं, आणि ती फोन करून खात्री केल्यावरच लिहिलेली. शेवटी आरोग्यमित्राची सही आणि १५५३८८ हा मदत क्रमांक. 'खाट नाही' या कारणाखाली रुग्णालयाच्या प्रतिनिधीचीही सही हवी. सही करावी लागली की खाट सापडण्याची शक्यता वाढते.

या पावत्यांची जिल्हावार, कारणवार बेरीज दर महिन्याला संकेतस्थळावर टाकावी, रुग्णांची नावं वगळून. पुणे जिल्ह्यात 'नाव कार्डात नाही' ही खूण जास्त दिसली, तर पुरवठा विभागाचं शिबिर औद्योगिक वसाहतीत, रविवारी घ्यावं लागेल. गडचिरोलीत 'या विभागासाठी अंगीकृत नाही' जास्त दिसलं, तर कोणता विभाग जोडायचा ते कळेल. एकाच रुग्णालयाच्या खाटा बाराही महिने भरलेल्या दिसल्या, तर तपासणी कुठे करायची तेही कळेल.

त्याच्या जोडीला दोन गोष्टी लगेच करता येतील. मधुमेह आणि रक्तदाबाच्या स्थिर रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या द्याव्यात, आणि औषध संपलं असेल तर 'बाहेरून आणा' ही चिठ्ठीही शिक्क्यासह, प्रत ठेवून द्यावी. आणि मधुमेही पायाच्या जखमेचं ड्रेसिंग, डॉप्लर आणि प्रतिजैविकं यांचं बारा आठवड्यांचं बाह्यरुग्ण पॅकेज योजनेत आणावं. पाय कापण्याच्या पॅकेजशेजारी त्याचा दर लिहून पाहावा, म्हणजे वित्त विभागाला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

लेखी नकाराचा प्रयोग सुरुवातीला दोन जिल्ह्यांत, तीन महिन्यांसाठी करावा. एक शहरी, एक आदिवासी. आम्ही ज्या रुग्णालयांत काम करतो तिथे पावती भरायला, पुढच्या रुग्णालयांना फोन करायला आणि दर शनिवारी बेरीज करून द्यायला आमची माणसं विनामोबदला येतील. सोसायटीने नमुना मंजूर करावा आणि जिल्हा समन्वयकांना तसं पत्र काढावं, एवढी आपल्याकडे विनंती आहे.

आपले,
रुग्ण-साहाय्याचं काम करणारे कार्यकर्ते